राणीचा विमा काढावा का?

माझ्या थोरल्या भावाच्या घरी पाच माणसे आणि एक कुत्री. कल्याण पूर्वेला बैठ्या चाळीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. २०२४ च्या जून महिन्यात एका रविवारी मी तिकडे गेलो, तेव्हा घरात विम्याची चर्चा रंगली होती. मला वाटले, दादा आता निवृत्तीला आला, स्वतःसाठी काहीतरी पॉलिसी काढत असेल. पाहतो तो काय, विमा निघायचा होता कुत्रीचा!

पुतण्याने मोबाइलवर सगळी माहिती काढून ठेवली होती. वर्षाचा हप्ता चार हजार दोनशे रुपये. आजारपण, ऑपरेशन, दवाखान्यात ठेवण्याचा खर्च मिळणार. पुतणी त्याच्या बाजूची. दादा गप्प. आई म्हणाली, "कुत्र्याला कुठं विमा असतो का रे?" वहिनी पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करताच मला विचारले, "भावजी, तुम्ही पोस्टात आहात, तुम्हीच सांगा. ह्या घरात माणसांचा विमा झालाय का? का पहिला नंबर राणीचाच?"

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी चौकशी केली. दादाचे ईएसआयसीचे कार्ड होते, तेवढेच. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बँकेत पिटाळले. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो दादा-वहिनी आणि दोन्ही मुलांनी घेतला. ४३६ रुपयांची दोन लाखांची जीवन ज्योती योजना आहे, तिच्यात दादा बसला नाही, कारण पन्नाशी उलटल्यावर नव्याने प्रवेश मिळत नाही. वहिनी आणि मुले बसली. हे सगळे मिळून चौदाशे रुपयांच्या आत झाले. वाचकहो, ज्या घरात हे झालेले नाही त्या घराने कुत्र्याच्या विम्याचा विचार आज बाजूला ठेवावा आणि आधी हे उरकून घ्यावे. उरलेला लेख नंतर वाचला तरी चालेल.

आता राणीविषयी. राणी अल्सेशियन आहे. दादाच्या कंपनीतले एक साहेब २०१९ साली सहकुटुंब परदेशी गेले. जाताना आठ महिन्यांची कुत्री कोणाला द्यायची म्हणून त्यांनी खात्यात विचारले आणि आमच्या दादाने हात वर केला. फुकट मिळाली म्हणून आणली असे नाही, दादाला लहानपणापासून कुत्र्यांचा नाद. गावाकडे आमचा एक काळा कुत्रा होता. तो भाकरीच्या तुकड्यावर वाढला, उकिरड्यावर लोळला, आणि आजारी पडल्यावर आपोआप बरा झाला किंवा आपोआप मेला, आता आठवतही नाही. राणीचे तसे नव्हते. तिचे वजन भरले ३२ किलो. आणि घरात बत्तीस किलोचे जनावर पाळणे म्हणजे काय, हे पहिल्या आजारपणातच कळले.

सगळा हिशेब वजनावर

मोठ्या कुत्र्याचा खर्च जास्त, असे सगळेच म्हणतात. तो खाण्यामुळे जास्त, असा आपला समज असतो. खाण्याचे तर आहेच. पण खरा फरक दवाखान्यात पडतो. कुत्र्याचे औषध वजनावर मोजून देतात. राणीला २०२२ च्या पावसाळ्यात गोचीड ताप आला. आपल्याकडे हा आजार फार. गोचीड चावते, रक्तात जंतू शिरतात, ताप चढतो, जेवण सुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. डॉक्टरांनी २८ दिवसांच्या कॅप्सुली लिहून दिल्या. दहा किलोच्या कुत्र्याला रोज एक पुरते तिथे राणीला रोज तीन. म्हणजे २८ च्या जागी ८४. सलाईन तसेच, भुलीचे औषध तसेच, अँटिबायोटिक तसेच. ऑपरेशनचे टेबल तेच असते, पण त्यावरचे जनावर तिप्पट असते.

दुसरी गोष्ट, काही दुखणी मोठ्या जातींच्याच वाट्याला अधिक येतात. अल्सेशियन, लॅब्राडोर, रॉटवायलर यांना खुब्याच्या सांध्याचा आजार असतो. तो बहुधा वंशातून येतो. पिल्लू वर्षभराचे होते न होते तोच मागच्या पायांनी लंगडू लागते, जिना चढायला कुरकुरते. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना, आणि अल्सेशियनलाही, एक फार वाईट दुखणे होते. पोटात वायू भरतो आणि जठरालाच पीळ पडतो. पोट ढोलकीसारखे ताणते, कुत्रे ओकारी काढू पाहते पण बाहेर काहीच पडत नाही, बेचैन होऊन फेऱ्या मारते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचे नसते. काही तासांत पोट मोकळे करून ऑपरेशन झाले नाही तर जनावर हाताला लागत नाही. एकाच वेळी परातभर खायला घालून लगेच पळायला नेऊ नये, दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत वाटून द्यावे, हे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

तिसरी गोष्ट आयुष्याची. जेवढे जनावर मोठे तेवढे त्याचे आयुष्य कमी. लॅब्राडोर दहा-बारा वर्षे जगतो. ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत म्हातारा होऊन जातो. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून राक्षसी बांध्याच्या जातींसाठी पॉलिसीचे दार लवकर बंद होते, आणि सात-आठ वर्षांच्या मोठ्या कुत्र्याला नव्याने घ्यायला त्या सहसा तयार नसतात.

बिल्ला नाही तर क्लेम नाही

जनावरांचा विमा आपल्या लोकांना अगदीच नवा नाही. गावाकडे ज्यांनी कर्जावर म्हैस घेतली त्यांना कानातला बिल्ला माहीत आहे. म्हैस मेली आणि बिल्ला हरवलेला असला तर विमा गेला. सरकारी विमा कंपन्यांनी कुत्र्यांसाठी जी पॉलिसी काढली ती याच धर्तीवरची: जनावर मेले की त्याची ठरलेली किंमत द्यायची. परदेशात गोष्ट वेगळी होती. स्वीडनमध्ये १९२४ सालीच कुत्र्याचा विमा निघाला, आणि आज तिथल्या बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. आपल्याकडे दवाखान्याच्या खर्चाचा विमा खऱ्या अर्थाने आला तो २०२० नंतर, खासगी कंपन्यांकडून.

राणीसाठी पुतण्याने काढलेली पॉलिसी मी कागदावर छापून घेतली आणि दोन संध्याकाळी बसून वाचली. इंग्रजी अक्षर बारीक, पण वाचायलाच हवे. त्यात खाने पाडलेले होते. ऑपरेशन आणि दवाखान्यात भरती होण्याचा खर्च एका खान्यात. कुत्रे मेले तर रक्कम दुसऱ्या खान्यात. हरवले वा चोरीला गेले तर तिसऱ्या. कुत्रे कोणाला चावले आणि भरपाई द्यावी लागली तर ती चौथ्या. साधी तपासणी, गोळ्या-औषधे यांचा खाना निराळा, त्याला हप्ता निराळा. प्रत्येक खान्याला वरची मर्यादा. लस, नसबंदी, दात साफ करणे, खाणे यांतले काहीही नाही. पॉलिसी घेतल्यापासून पहिला महिनाभर आजाराचे पैसे नाहीत, काही दुखण्यांना त्याहून अधिक थांबावे लागते. आधीपासून असलेले दुखणे धरणार नाहीत. वंशातून आलेल्या दुखण्याविषयी काय लिहिले आहे ते तर भिंग लावून पाहावे, कारण अल्सेशियनचा खुबा त्यातच अडकतो.

मरणाची रक्कम वाचून दादाला हसू आले. "किंमत काय लावायची रे हिची? ही तर फुकट आलेली!" तो खाना आम्ही सगळ्यात खालच्या रकमेवर ठेवला. धंद्यासाठी पिल्ले विकणारा किंवा गोदामावर राखणीचे कुत्रे ठेवणारा असेल तर गोष्ट वेगळी. आपल्यासारख्याला कुत्रे गेल्याचे दुःख होते, तोटा होत नाही.

चावण्याचा खाना मात्र मी हट्टाने ठेवायला लावला. चाळीची अरुंद गल्ली, शंभर पोरे खेळतात. राणी स्वभावाने गरीब, पण जनावर ते जनावर. मोठ्या कुत्र्याचा चावा म्हणजे खरचटणे नव्हे. शिवाय कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली आपल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनी भरपाई देईल, पण आपल्या वतीने तुरुंगात जाणार नाही! साखळी, महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस, हे ह्या खान्याच्या आधी. लस नसेल तर पुष्कळ पॉलिसी त्या त्या रोगाचे पैसेही नाकारतात. म्हशीचा जसा बिल्ला, तसे कुत्र्याचे लसीचे कार्ड.

माझे तेव्हाचे मत असे पडले की, विमा काढायला हरकत नाही, पण पैसे परत यावेत ही अपेक्षा ठेवू नये. भिशीत आपला नंबर लवकर लागावा असे प्रत्येकाला वाटते. विमा ही अशी भिशी आहे की जिच्यात आपला नंबर कधीच लागू नये. दहा वर्षे चार हजार भरले आणि एकदाही क्लेम करावा लागला नाही, तर चाळीस हजार गेले. वहिनीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "गेले तर गेले. पण रात्री-बेरात्री काही झालं तर कामाला तरी येईल ना?"

येईल, असे मी म्हणालो. तिथेच माझे चुकले.

जानेवारीतली ती रात्र

२०२५ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा. राणीचा माज होऊन महिना उलटला होता. दोन-तीन दिवस ती खूप पाणी पीत होती. पातेले भरले की रिकामे. पडवीत दोनदा मुतली, असे ती कधी करत नसे. वहिनीला वाटले, थंडीमुळे असेल. मग जेवण सोडले. शनिवारी रात्री साडेदहाला पुतणीने पाहिले, मागून पू येत होता. पुतणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पोटाला हात लावला आणि म्हणाली, "दादा, हिला आत्ता न्यायचं."

रिक्षावाले बत्तीस किलोच्या कुत्रीला घेईनात. शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला. त्यात गोणपाट टाकून राणीला निजवले. रात्री उघडा असलेला एक खासगी दवाखाना गाठला. सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीत पू साठला होता. नसबंदी न झालेल्या, मध्यम वयाच्या पुढच्या कुत्रीला माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हा आजार होतो. पिशवी फुटली तर पू पोटभर पसरतो आणि जनावर जाते. पिशवी काढणे हाच उपाय. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबू नका. काउंटरवरच्या मुलीने आकडा सांगितला: आत्ता १५ हजार डिपॉझिट, बाकी नंतर.

पुतण्याने मोबाइल पुढे केला. "आमची पॉलिसी आहे."

मुलगी म्हणाली, "ते तुम्ही नंतर कंपनीकडून घ्या. आम्हाला आता भरावे लागतील."

माणसाच्या मोठ्या इस्पितळात कार्ड दाखवले की भरती होते, कंपनी परस्पर पैसे देते. कुत्र्यांच्या बाबतीत ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बहुतेक वेळा आधी आपण भरायचे, बिले जमा करायची, अर्ज करायचा, आणि मग कंपनी देते. डॉक्टरला पैसे रात्री बारा वाजता हवे असतात आणि विमा येतो दोन-तीन महिन्यांनी. त्या कागदात हे लिहिलेले होते. मी वाचलेही होते. पण टेम्पोच्या हौद्यात पडलेले जनावर डोळ्यांपुढे ठेवून वाचले नव्हते.

दादाच्या खात्यात तीन हजार होते. मी फोन उचलला असता तर काही दिले असते, पण माझा फोन रात्री बंद असतो, याची मला अजून रुखरुख आहे. पुतणीच्या खात्यात अठरा हजार होते, फीचा दुसरा हप्ता. ३१ जानेवारीला भरायचा. कोणी काही बोलले नाही. तिनेच काउंटरवरचा कोड मोबाइलने टिपला आणि पंधरा हजार पाठवले. वहिनी मला नंतर सांगत होती, "मी तिला नको म्हणाले नाही, आणि घे पण म्हणाले नाही. मला तोंडच उघडवेना."

ऑपरेशन दोन तास चालले. राणी वाचली.

चार दिवस ती तिथेच होती. शेवटचे बिल धरून एकूण खर्च ३३ हजार ६०० रुपये झाला. फीचे उरलेले तीन हजारही त्यातच गेले, बाकीचे दादाने कामावरच्या दोघांकडून उसने आणले. फी भरण्यासाठी वहिनीने बचत गटातून अठरा हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी. गटातल्या एकीने विचारलेच म्हणे, "कुत्रीसाठी?" वहिनी म्हणाली, "नाही, पोरीच्या फीसाठी." आणि ते खोटेही नव्हते.

क्लेमचा अर्ज मी स्वतः भरून दिला. मूळ बिले, सोनोग्राफीचा अहवाल, डिस्चार्जचा कागद, लसीचे कार्ड, राणीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो. तीन आठवड्यांनी पत्र आले की, हा आजार प्रजननाशी संबंधित दिसतो आणि गाभणपण व वेतासंबंधीचा खर्च पॉलिसीत बसत नाही. दादाने पत्र फेकून दिले. मी उचलले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या भल्या बाईंनी आपल्या कागदावर लिहून दिले की, कुत्री गाभण नव्हती, व्यालेली नव्हती, हा गर्भपिशवीचा जंतुसंसर्ग आहे. ते पत्र जोडून पुन्हा पाठवले. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे: पहिले नकाराचे पत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, त्याला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे लोकपालांचे कार्यालय आहे.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. एप्रिलच्या सुरुवातीला २१ हजार ३०० रुपये जमा झाले. दहा टक्के आमचा वाटा म्हणून कापले होते, मर्यादेच्या वरचे कापले होते, आणि चिठ्ठीशिवाय आणलेल्या औषधांची बिले धरली नव्हती. मी हिशेब मांडला. मिळाले २१,३००. त्यातून हप्त्याचे ४,२०० आणि गटाच्या व्याजाचे ९०० वजा केले तर १६ हजार २०० रुपये वाचले. कमी नाहीत. दादाचा जवळपास महिन्याचा पगार आहे तो.

पण त्या रात्री राणीला विम्याने वाचवले नाही. पोरीच्या फीने वाचवले. हे दोन्ही खरे आहे, आणि मोठ्या कुत्र्याचा विमा काढावा का, याचे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

मग करावे काय?

मला आता असे वाटते की, ज्या घरात एका रात्रीत पंधरा-वीस हजार उभे राहू शकत नाहीत, त्या घराने पॉलिसीच्या आधी ती रक्कम उभी करण्याच्या मागे लागावे. मी पोस्टातला माणूस, म्हणून मला आरडी सुचते. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षे, आणि बारा हप्ते वेळेवर भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. अर्थात रात्री बारा वाजता पोस्टही बंद असते! म्हणून थोडी रक्कम बचत खात्यात सुटी ठेवावी, कोणाच्या फीच्या पैशांत मिसळू नये. ही रक्कम उभी झाल्यावर पॉलिसीला अर्थ येतो. मग डिपॉझिट आपण भरतो आणि विमा आपल्याला सावकाश का होईना ते भरून देतो.

पिल्लू तरुण, जात मोठी, आणि डबा भरलेला असेल तर मी विमा काढा म्हणेन. तोही लवकर, दुखणे कागदावर येण्याच्या आधी. साध्या तपासणीचा जादा खाना घेऊ नये. त्याचा हप्ता आणि वर्षाची गोचीड-जंताची औषधे यांत फारसे अंतर राहत नाही. गावठी कुत्रे असेल तरी विचारून पाहावे, काही पॉलिसी देशी आणि मिश्र जातींनाही घेतात. आणि ज्याने कुत्रे अजून आणलेलेच नाही, फोटो पाहून ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड घरी आणायचा विचार चालवला आहे, त्याला माझे सांगणे आहे की बाबा, नको. दोन खोल्यांत ते जनावरही सुखी होत नाही आणि माणसेही.

राणीच्या बाबतीत एक चूक आमच्या घराची होती, ती लपवण्यात अर्थ नाही. तिची नसबंदी वेळेवर केली असती तर हे दुखणे झालेच नसते. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" म्हणत पाच वर्षे घालवली. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईत आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात काम होते. रांग लागते, अर्धा दिवस मोडतो, शिकाऊ मुले दहा वेळा तपासतात. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला अर्धा दिवस गेला तर काय बिघडते? मोठ्या जातीच्या कुत्रीची नसबंदी कोणत्या वयात करावी हे डॉक्टरांनाच विचारावे, ते वाढ पाहून सांगतात. पिल्लाच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू कराव्यात, तीन महिन्यांना रेबीजची, आणि मग दरवर्षी. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या वस्तीत राहणाऱ्यांनी लेप्टोची लस चुकवू नये. तो रोग कुत्र्याकडून माणसालाही होतो.

२०२५ च्या जूनमध्ये पॉलिसीचे नवे पत्र आले. हप्ता वाढून ४,९०० झाला होता, राणीला सातवे लागलेले. दादा म्हणाला, पिशवी तर गेली, आता कशाला भरायचे? मी म्हणालो, पोट पिळण्याचे राहिले आहे, गाठी राहिल्या आहेत, म्हातारपण राहिले आहे. आणि आता सोडली तर ह्या वयाच्या अल्सेशियनला पुन्हा दारात कोण उभे करणार? वहिनीने दोघांचेही ऐकले आणि निर्णय स्वतःच दिला. पॉलिसी भरायची. शिवाय महिना ३०० ची आरडी. पैसे कुठून आणायचे तेही तिने शोधून ठेवले होते. राणीला रोज दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा लागायचा, सकाळच्या चहाबरोबर, दादाच्या हातून. डॉक्टरीणबाईंनी गोड नको म्हणून सांगितलेच होते. आता चहाच्या वेळी राणीला पोळीचा शिळा तुकडा मिळतो.

खाते मीच उघडून दिले. कुत्रीच्या नावाने पोस्टात खाते निघत नाही, म्हणून ते पुतण्याच्या नावावर आहे. परवा वहिनी हप्ता भरायला माझ्या काउंटरवर आली होती. पासबुक उघडले तर आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले दिसले, "राणी. फीचे नाही."